उडण्याआधीच बोललेला काजवा

"आला! आला! काजवा आला!"

साईराज गच्चीवरून इतक्या जोरात ओरडला, की अंगणातल्या कोंबड्या फडफडत थेट गोठ्यात शिरल्या. मनालीने हातातली फराळाची ताटली तशीच खाली ठेवली आणि जिन्याकडे धाव घेतली. तिच्यामागे तिची मैत्रीण वनिता, आणि वनिताच्या मागे, कोणी बोलावलं नसतानाही, सुजयदादा!

गच्चीवर प्लास्टिकच्या कागदाखाली एक जुना लॅपटॉप होता. शेजारी बांबूला ॲल्युमिनियमच्या काड्या बांधून केलेला ॲंटेना. त्याला सगळीकडून पाय फुटल्यासारखे दिसत, म्हणून वनिताने त्याचं नाव 'चिंबोरी', म्हणजे खेकडा, असं ठेवलं होतं. पाऊस नुकताच थांबला होता. दिवाळीच्या सुट्टीत पाऊस! पण हल्ली त्याला कोण विचारतो? स्पीकरमधून मात्र स्वच्छ आवाज येत होता.

"टिक्... टिक्... टिक्..."

"बघ! दर सेकंदाला एक! ताईने सांगितलं होतं अगदी तस्संच!" साईराज नाचायलाच लागला. तो रोह्याचा, मनालीचा आतेभाऊ. सुट्टी लागली की मामाकडे, म्हणजे गागोद्याच्या अलीकडच्या या छोट्या वाडीत, हजर!

आता ही 'ताई' कोण ते सांगायला हवं. नूतनताई म्हणजे मनालीची मोठी बहीण, मुंबईला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारी. तिने आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी मिळून एक उपग्रह बनवला होता. केवढा? चहाच्या डब्याएवढा! त्याचं नाव काजवा. श्रीहरिकोट्याहून एक मोठं रॉकेट उडणार होतं आणि त्यातल्या मोठमोठ्या उपग्रहांच्या शेजारी कोपऱ्यात आपल्या काजव्यालाही जागा मिळाली होती.

पाडव्याला घरी आली तेव्हा ताईने गच्चीवर चिंबोरी उभी केली आणि तिघांना समोर बसवलं.

"आमच्या कॉलेजकडे काजव्याला हाक मारायचं यंत्र आहे. ते जोरदार आहे. पण आमचे कान बहिरे! मुंबईत इतकी यंत्रं चालू असतात, की काजव्याचा बारीक आवाज त्यात बुडून जातो. आपली वाडी शांत. तेव्हा हाक मारायची आम्ही, ऐकायचं तुम्ही."

"ऐकायचं काय?" वनिताने विचारलं.

"वर गेल्यावर काजव्याने पंख उघडायचे. पंख उघडले की त्याच्या बॅटरीला ऊन मिळेल आणि तो दर सेकंदाला टिक् करील. टिक् ऐकू आलं तर सगळं ठीक. नाही आलं, तर पंख अडकले. मग आम्ही हाक मारून त्याला उघडायला लावू."

"मग हाक मारूनच टाका ना! वाट कशाला बघायची?" साईराज म्हणाला.

"शहाणाच आहेस! हाक ऐकली की त्याला अंगातली एक तार तापवावी लागते. त्यात उरलीसुरली बॅटरी जाते. ते एकदाच जमेल, आणि तेही पहिल्या दिवशीच. संध्याकाळपर्यंत बॅटरी संपली की तीन वर्षांची मेहनत पाण्यात." मग तिने मनालीचा हात धरला. "म्हणून सांगते मने, आला तरच आला म्हण. माझं मन राखायला म्हणून नको."

"आयशपथ!" मनाली म्हणाली होती.

आणि आज तो क्षण आला होता! पावसामुळे सकाळपासून फोनला रेंज नव्हती. पण ठरलेल्या वेळी रॉकेट उडालं असणार, आणि ठरलेल्या वेळी काजवा डोक्यावरून जात असणार. मनालीचे डोळे भरून आले.

सुजयदादा म्हणजे वाडीच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष. त्याला धीर म्हणून नाही! तो खाली धावला, दिवाळीतली उरलेली लड लावली, धडाडधूम! मग पारावर उभं राहून त्याने वाडीला बातमी दिली. रेंज येताच वाडीच्या ग्रुपवर टाकलंही, 'आपल्या वाडीच्या कन्येचा उपग्रह बोलला! सर्वप्रथम आपल्या वाडीत!' खाली त्याचा स्वतःचा हात जोडलेला फोटो.

तेवढ्यात मनालीचा फोन वाजला.

"मने, कसला आवाज आला म्हणता तुम्ही?" ताईचा आवाज कापत होता. "बंगालच्या उपसागरात वादळ आहे. आजचं उड्डाण पुढे गेलंय! काजवा अजून जमिनीवर आहे. रॉकेटच्या टोकाला, झाकणाच्या आत, बंद!"

मनालीने स्पीकरकडे पाहिलं. तो आपला बोलतच होता. "टिक्... टिक्... टिक्..."

"मग... मग हे कोण बोलतंय?" साईराजने विचारलं.

पुढचे दोन दिवस वाडीत मनालीला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. दुकानात गेली, तर रघूकाका बाकावर बसलेलेच. "काय गो मनाली, तुझ्या ताईचा काजवा न उडताच बोलला म्हनं! उडाल्यावर गाणी म्हणंल व्हय?" आणि सगळे खो खो हसले. त्यात सुजयदादाही हसत होता, निर्लज्ज कुठला! फटाके कुणी लावले होते?

"मला हसले तर हसू देत," मनाली गच्चीवर येऊन म्हणाली. "पण हे टिक् खऱ्या दिवशीही वाजत राहिलं तर? काजवा गप्प असला तरी आपण 'आला' म्हणू. ताई हाक मारणार नाही. आणि तो वर मरून जाईल!"

वनिता एकदम गंभीर झाली. "म्हणजे हा चोर आधी पकडायला हवा."

"पण चोर बोलतोय कुठे?" साईराजने स्पीकरला कान लावला. काल रात्रीपासून तो गप्प झाला होता. नुसती खरखर.

उड्डाणाची नवी तारीख आली. त्या दिवशी पहाटेच पावसाची भुरभुर सुरू झाली. ताईचा निरोप आला, 'वर वारा फार आहे. आजही नाही.' आणि तो निरोप वाचून होतोय न होतोय तोच स्पीकर बोलला, "टिक्... टिक्..."

"आपल्याला चिडवतोय हा!" साईराज ओरडला. "उड्डाण पुढे गेलं की सुरू!"

"चिडव म्हणावं! फिरव चिंबोरी!" मनालीने हुकूम सोडला.

साईराजने बांबू हळूहळू फिरवला. चिंबोरीचं तोंड जिकडे, तिकडचा आवाज मोठा. नागोठण्याच्या दिशेला वळवली, आवाज बारीक झाला. डोंगराकडे वळवली, जवळजवळ बंद. नदीकडे वळवली आणि टिक् टिक् करणारा स्पीकर एकदम टक् टक् करू लागला.

"नदीकडे! आमच्या वाडीच्या अंगाला!" वनिता उठून उभी राहिली. तिचं घर तिकडेच, नदीकाठच्या वाडीवर. "पण तिकडे काय हाय? शेतं, ओहोळ, आणि आम्ही."

"माणसं आवाज करत असतील," साईराज म्हणाला.

"आम्ही टिक् टिक् करतो व्हय रे?" वनिताने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

पावसात बाहेर पडू नका, असं आईने बजावलं होतं. पाऊस थांबून ऊन पडेपर्यंत थांबले, तर आवाजही गेला! नदीकडे चिंबोरी रोखून ठेवली तरी नुसती खरखर. तिघांनी कपाळाला हात लावला.

तिसरी तारीख आली तेव्हा आकाश निळंशार होतं. तिकडे श्रीहरिकोट्यालाही म्हणे स्वच्छ हवा. तिघं गच्चीवर सज्ज. आणि ताईचा निरोप! 'इंधनाच्या नळीत गळती सापडली. उड्डाण परवावर.'

"आता बघ, लागेल टिक् टिक् करायला," साईराज म्हणाला. तिघं वाट बघत बसले. चकल्यांचा डबा अर्धा झाला. स्पीकर गप्प!

मनालीच्या हातातली चकली तोंडापर्यंत जाऊन थांबली.

"साई! पहिल्यांदा उड्डाण का थांबलं?"

"वादळ."

"दुसऱ्यांदा?"

"वारा. म्हणजे तेच वादळ."

"आणि आज गळती! आणि आज आवाज नाही! अरे, आवाजाचा उड्डाणाशी काही संबंधच नाही. तिकडच्या वादळाचेच ढग इकडे येऊन आपलं भात भिजवत होते. तो आवाज पावसाचा आहे! काहीतरी भिजलं की बोलतंय!"

"हात् तिच्या!" साईराजने उडीच मारली. मग लगेच बसला. "पण आता पाऊस कुठून आणायचा? परवा उड्डाण. आणि नेमका परवा पाऊस आला तर?"

वनिता चकली चावत विचार करत होती. "पाऊस नाय. पण पहाटे दव पडतं ना? माझे पाय वाटेवरून येताना ढोपरापर्यंत भिजतात. तेवढं ओलं पुरेल की!"

मनालीने तिला मिठीच मारली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिघं निघाले. साईराजने खिशातला रेडिओ आणला होता. रोह्याला कंपनीत शिफ्टला जाताना त्याचे बाबा त्यावर गाणी ऐकत. आता तो कोणत्याच स्टेशनवर न लावता नुसता खरखरत ठेवला होता. गवतावर दव चमकत होतं. थोडं पुढे जाताच रेडिओतून बारीक टिक् आलं, आणि तिघांच्या अंगावर काटा आला.

ओहोळ ओलांडला. टिक्चं टक् झालं. वळण घेतलं. टक्चं टाक् झालं! समोर रघूकाकांचं शेत. बाकी सगळ्यांची कापणी झाली होती, पण काकांचं गरवं भात अजून उभं होतं. शेताभोवती बांबूच्या खुंट्यांवरून तार ओढलेली. रानडुकरं आत शिरू नयेत म्हणून काकांनी झटका मशीन बसवलं होतं. मशीन दर सेकंदाला तारेत एक झटका सोडतं, डुकराचं नाक लागलं की ते पळतं. त्यात नवल काहीच नाही.

नवल होतं ते बांधावर. आपल्याकडे बांध मोकळा ठेवतो कोण? काकांनीही पावसाळ्यात बांधावर तूर लावली होती. ती आता पुरुषभर उंच वाढून फुलावर आली होती, आणि पावसाने झुकून सरळ तारेवर टेकली होती! ओल्या फांदीपाशी दर सेकंदाला निळी ठिणगी उडत होती. आणि दर ठिणगीला रेडिओ म्हणत होता, "टाक्!"

"सापडला चोर!" साईराज पुढे झेपावला. "थांबा, फांदी बाजूला करतो..."

"हात नको लावूस!" वनिताने त्याचा सदरा धरून त्याला मागे खेचलं. तिचा चेहरा उतरला होता. "ही आमची वाट हाय. रोज सकाळी माझा भाऊ इथूनच ओहोळाला जातो. काकांनी ग्रामसभेत कबूल केलं होतं, उजाडायच्या आत मशीन बंद करीन म्हणून!"

"काय रे पोरांनो, माझ्या शेतात काय चाललंय?"

रघूकाका! दातून चघळत, खांद्यावर टॉवेल टाकून ते येत होते. मागून बायजाकाकी डोक्यावर टोपली घेऊन.

"काका, तुमचं मशीन चालू आहे," मनाली म्हणाली.

"छ्या! सूर्य उगवायच्या आधी बंद करतो मी. नेमाने! इचार काकीला. आजपण बंद केलंय."

"पण रेडिओ तर..."

"रेडिओला काय कळतंय? तुझ्या ताईचा काजवा बोलला तसाच हा पण बोलतोय!" काका स्वतःच्याच विनोदावर हसले. "बंद म्हणजे बंद! रघूचा शब्द हाय."

मनालीला असा राग आला! पण ती गोड हसली.

"बरं काका. बंद आहे ना? मग जरा तारेला हात लावा. आमची खात्री होईल."

काकांचं हसू थांबलं. त्यांनी तारेकडे पाहिलं. काकीकडे पाहिलं. हात पुढे केला. तार वीतभर अंतरावर राहिली, आणि हात तिथेच थांबला. रेडिओ म्हणाला, "टाक्!" काकांनी हात असा मागे घेतला, की तोंडातलं दातूनच खाली पडलं!

"लावा की!" आता बायजाकाकीनेच टोपली खाली ठेवली. "रोज घरी येऊन सांगता, बंद करून आलो, बंद करून आलो! आणि मी या वाटेने जाते, ही पोरं जातात! मशीनच्या खोपटापर्यंत जायचा एवढा कंटाळा?"

"अगं, डुकरं काय फक्त रात्रीच..."

"आधी जा आन् बंद करा!"

काका गेले. पळतच गेले म्हणा ना! रेडिओतला आवाज कट् करून थांबला. मग कोयती घेऊन तारेवर आलेली तूर छाटणं आलंच. "फुलावर आलेली तूर गो!" काका हळहळत होते, आणि काकी प्रत्येक फांदीला म्हणत होती, "ती पण काढा. ती पण!"

उड्डाणाच्या सकाळी अख्खी वाडी मनालीच्या अंगणात लोटली. मागच्या वेळची लाज धुऊन काढायची म्हणून सुजयदादाने पेणहून पेढे आणले होते आणि रामवाडीतून बॅनर छापून आणला होता. 'काजव्याचं हार्दिक स्वागत'. त्यावर काजवा अंगठ्याएवढा आणि सुजयदादा दारभर. रघूकाका नि बायजाकाकीही आले होते.

फोनच्या पडद्यावर रॉकेट धुराच्या लोटात उठलं, वर गेलं, ठिपका झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता काजवा सुटून पृथ्वीला वळसा घालत इकडे येणार होता.

वेळ झाली. तिघं गच्चीवर. मनालीच्या कानावर हेडफोन, बांबूपाशी साईराज, आणि वनिता डोंगराच्या कड्यावर बोट रोखून दिशा सांगत होती. "कड्याच्या डावीकडे... आता वर घे... आणखी वर..."

मनाली ऐकत होती. खरखर. फक्त खरखर. ती श्वास रोखून ऐकत होती. चिंबोरी डोक्यावरून पलीकडे वळली, खाली उतरली, आणि वेळ संपली.

खालून सुजयदादा धावत वर आला. "काय? आला ना?"

मनालीने मान हलवली. नाही.

"अगं, असं काय करतेस? आला असेल, तुला ऐकू आला नसेल! खाली लोक थांबलेत. पेढे आणलेत! सांग ना आला म्हणून. तुझ्या ताईला पण बरं वाटंल!"

जिन्यातून रघूकाकांचा आवाज आला. "माझं मशीन चालू करू काय? लगेच येईल टिक् टिक्!"

ताई तिकडे फोन धरून बसली असेल. सगळे मित्रमैत्रिणी तिच्याभोवती. एक शब्द, आणि सगळे नाचतील. 'आला' म्हणायला किती सोपं होतं! तिने फोन लावला.

"ताई..." तिला रडू फुटलं. "ताई, नाही आला."

"खात्री आहे, मने? मागच्यासारखं दुसरं काही वाजत नव्हतं?"

"काहीच नव्हतं. आम्ही चोर पकडलाय. इतकं शांत आहे, की असता तर ऐकू आलाच असता. काजवा बोलत नाहीये ताई!"

"बरं," ताई म्हणाली. "पुढच्या फेरीला हाक मारतो. तू कान उघडे ठेव."

दीड तास! सुजयदादाने बॅनरची एक बाजू सोडून टाकली. निम्मे लोक घरी गेले. साईराज एक शब्द बोलला नाही, आणि हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. बायजाकाकी तेवढी वर येऊन मनालीच्या पाठीवर हात फिरवून गेली.

पुन्हा वेळ झाली. या वेळी काजवा मावळतीच्या बाजूने, जरा खालून जाणार होता. वनिताने दिशा सांगितली, साईराजने चिंबोरी वळवली. खरखर. तिकडे मुंबईत ताई आता हाक मारत असेल. खरखर. अर्धी वाट सरली. खरखर. काजवा आता उतरायला लागला असेल.

"टीं."

मनाली दचकली. तिने हेडफोन घट्ट दाबून धरले.

"टीं... टीं... टीं..."

तिने हेडफोनची वायरच उपसून काढली. स्पीकरमधून आवाज गच्चीवर पसरला, बारीक आणि नेटका. तारेवरच्या त्या टाक् टाकपेक्षा कितीतरी गोड! साईराजच्या हातून बांबू सुटतासुटता राहिला. वनिता ओरडली, "धर रे, धर! चिंबोरी हलवू नकोस!" आणि मनाली फोनमध्ये एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आला ताई! आता आला! आता खरंच आला!"

फोनमधून इतका गलका आला, की ताई काय म्हणतेय ते कोणालाच कळलं नाही.

त्या रविवारी ताई घरी आली ती तिच्या सरांना घेऊनच. सरांनी चिंबोरी बघितली, बांध बघितला, तुरीचा छाटलेला बुंधाही बघितला. मग अंगणात जमलेल्या मंडळींना म्हणाले, "यांच्याकडून 'आला' असा निरोप गेला असता, तर आम्ही पेढे वाटत बसलो असतो. आणि संध्याकाळी काजवा कायमचा विझला असता. या तिघांनी आमचा उपग्रह वाचवलाय!"

वनिताचा लहान भाऊ सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. सुजयदादाने मान खाली घातली होती, पण टाळ्या त्यानेही वाजवल्या. रघूकाका खाकरले, पुढे आले. "काय हाय सर, मशीन आता मी उजाडायच्या आधी बंद करतो. खरंच करतो. पाहिजे तर तारेला हात लावून दाखवतो!"

"तो रोज मी लावायला लावते," बायजाकाकी म्हणाली, आणि सगळं अंगण हसलं.

ताईने मनालीला जवळ ओढलं. "मने, रडत होतीस तू फोनवर. तरी खोटं बोलली नाहीस."

"तुला वाईट वाटेल म्हणून रडत होते."

"वाटलं ना! खूप वाईट वाटलं," ताई म्हणाली. "म्हणून तर हाक मारली."

संध्याकाळी काजवा पुन्हा वाडीवरून जाणार होता. चौघं गच्चीवर चढले. साईराजने चिंबोरी डोंगराकडे वळवली, वनिताने कड्यावर बोट रोखलं, आणि सगळे गप्प बसून ऐकू लागले.